रविवारचा स्वयंपाक आणि २४० ग्रॅम गॅस

'उष्णता आणि तापमान यांतील फरक स्पष्ट करा' असा प्रश्न परीक्षेत आला की तुम्ही चार ओळींत उत्तर लिहिता आणि दोन गुण मिळवता. मीही गेली वीस वर्षे महाविद्यालयात हा फरक शिकवीत आलो आहे. पण तो मला स्वतःला कितपत कळला आहे याची परीक्षा एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात झाली. परीक्षक होती नववीत शिकणारी माझी मुलगी.

त्याचे असे झाले. माझी पत्नी शाळेच्या कामासाठी शनिवार-रविवार परगावी जाणार होती, आणि नेमके रविवारी दुपारी माझी बहीण व मेव्हणे जेवायला यायचे होते. "बाहेरून काही मागवायचं नाही, सगळं आपण करू, अगदी दहीसुद्धा," असे कन्येने जाहीर केले. बेत ठरला तो मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, वरण-भात, कोशिंबीर आणि दही. मार्गदर्शनाला माझी आई होती. पण तिचे गुडघे दुखत असल्याने ती खुर्चीवर बसून सूचना करणार आणि हात आम्ही दोघांनी चालवायचे, अशी कामाची वाटणी झाली.

असा स्वयंपाक शुक्रवारी रात्रीच सुरू होतो. मटकी भिजत घातली. शनिवारी सकाळी ती टपोरी झाली, तेव्हा पाणी काढून ओल्या पंचात गच्च बांधून ठेवली. शनिवारी संध्याकाळी दूध तापवून कोमट केले आणि विरजण लावले. 'कोमट' म्हणजे किती, यावर आईचे उत्तर होते, "बोट बुडवून सोसवेल इतकं." तापमापी बुडवली तर ४३ अंश सेल्सिअस. विरजणातील जिवाणूंना चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे तापमान फार मानवते. दूध कढत असताना विरजण घातले तर ते मरतात आणि अगदी गार दुधात घातले तर रेंगाळतात. आईचे बोट दोन-तीन अंशांच्या अचूकतेने काम करीत होते.

(येथे एक सूचना. प्रयोगशाळेतील पाऱ्याची तापमापी अन्नात कधीही बुडवू नका. ती फुटली तर पारा अन्नात जाईल, आणि पारा विषारी आहे. आम्ही वापरली ती धातूच्या सळईची, स्वयंपाकासाठी मिळणारी अंकदर्शी तापमापी.)

बटाट्यांची शर्यत

त्याच संध्याकाळी रात्रीच्या भाजीसाठी बटाटे उकडायला ठेवले होते. पाण्याला उकळी आली आणि आई म्हणाली, "आता गॅस बारीक कर रे." मी बारीक केला. लगेच परीक्षक बाईंचा प्रश्न आला, "बाबा, उलट मोठाच ठेवला तर बटाटे लवकर शिजतील ना?"

मी व्याख्यानाच्या सुरात सांगितले की उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान उत्कलनबिंदूच्या पुढे जात नाही. जास्त उष्णता दिली तर तेवढी वाफ जास्त होते, इतकेच. ती म्हणाली, "हे पुस्तकात आहेच. पण तुम्ही करून पाहिलंय का?"

मी करून पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर घाई असली की मीही गॅस मोठाच ठेवीत असे.

मग आम्ही सारख्या आकाराची दोन पातेली घेतली. प्रत्येकात एक लिटर पाणी आणि दोन-दोन सेंटिमीटरच्या बटाट्याच्या दहा फोडी. दोन्हींना उकळी आल्यावर एका पातेल्याखालची ज्योत मोठीच ठेवली. दुसऱ्याखालची इतकी कमी केली की पाणी नुसते हलत राहावे. झाकण कोणावरच नाही. दर दोन मिनिटांनी सुई टोचून पाहायचे. पहिल्या पातेल्यात नुसता गोंधळ चालला होता, फोडी वर-खाली उड्या मारीत होत्या. दुसऱ्यात त्या शांतपणे तळाशी बसून होत्या. तापमापीने दोन्हींकडे ९८ अंश दाखवले, फरक दशांशात. (आम्ही पुण्यात राहतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर पाणी शंभराला नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळते.) बाराव्या मिनिटाला सुई दोन्हींकडच्या फोडींत सारखीच सहज शिरली. शर्यत बरोबरीत सुटली!

मग आम्ही पाण्यासकट दोन्ही पातेली तोलली. शांत पातेल्यातील पाणी साठ ग्रॅमनी घटले होते, आणि गडबड्या पातेल्यातील साडेतीनशे ग्रॅमनी.

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. म्हणजे एक लिटर पाणी २५ अंशांपासून ९८ अंशांपर्यंत न्यायला ७३ किलोकॅलरी. पण उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी मोजाव्या लागतात. तिलाच आपण बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता म्हणतो. तापमापीवर ती दिसतच नाही. गडबड्या पातेल्याने जास्तीचे २९० ग्रॅम पाणी हवेत उडवले, त्यात सुमारे १५७ किलोकॅलरी गेल्या. एवढ्या उष्णतेत दोन लिटरांहून अधिक थंड पाण्याला उकळी आली असती. आणि बटाटा काही एक मिनिट आधी शिजला नाही.

बटाट्याला कळते ते तापमान. खाली किती गॅस जळतो आहे याचा त्याला पत्ता नसतो. त्याला लवकर शिजवायचे असेल तर फोडी लहान करा. उष्णता पृष्ठभागापासून मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की तो वेळ चौथाई होतो.

सिलिंडर हलका लागतो

रविवारी सकाळी पंचा सोडला तर मटकीला बोटाच्या पेराएवढे मोड. दहीही छान लागले होते. चहा झाला, आणि आईने विचारले, "सिलिंडर लावून किती दिवस झाले रे?" हिशेब केला तर महिना उलटून गेला होता. नवा सिलिंडर मंगळवारी येणार होता आणि आमच्याकडे सिलिंडर एकच. त्यात आदल्या संध्याकाळी विज्ञानाच्या नावाखाली आम्ही गॅस मनसोक्त उधळला होता.

सिलिंडर संपत आल्याचे ज्योत पाहून सहसा कळत नाही. आत गॅस द्रवरूपात असतो. थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी त्याच्या वाफेचा दाब जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून ज्योत शेवटपर्यंत तशीच दिसते आणि मग थोड्याच वेळात मान टाकते. वजन करणे हाच खरा उपाय. शेजाऱ्यांकडून प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा आणला, रेग्युलेटर बंद करून काढला आणि सिलिंडर टांगला. (हे काम मोठ्या माणसांनीच करायचे.) काट्याने १६.१४ किलो दाखवले. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. आमच्यावर होते १५.९ किलो. म्हणजे शिल्लक गॅस २४० ग्रॅम, चूकभूल देणेघेणे पन्नास ग्रॅम.

पाच माणसांचा स्वयंपाक यात होईल का? वही काढली.

एक ग्रॅम गॅस जळून सुमारे ११ किलोकॅलरी उष्णता देतो. २४० ग्रॅमांचे झाले २,६४०. ही सगळी भांड्याला मिळत नाही. बरीचशी ज्वाळेबरोबर कडेने निसटते, ओटा आणि आपण तापतो. चांगल्या शेगडीवर चाचणीत दोन तृतीयांश मिळते. आपण घरचा हिशेब म्हणून निम्मी धरू. हाती राहिल्या सुमारे १,३०० किलोकॅलरी.

आता खर्च. तांदूळ, डाळ, मटकी आणि त्यांत घालायचे पाणी मिळून सुमारे तीन किलो. ते उकळीपर्यंत न्यायला, सगळे पाणीच आहे असे धरले तरी, २२० किलोकॅलरी. दहा भाकऱ्यांतील पाणी तापवून त्यातले बरेचसे उडवायला साधारण २००. एकूण सव्वाचारशेच्या आत! मुलगी म्हणाली, "मग काळजी कसली?"

काळजी वाफेची. भात, वरण आणि उसळ तीन उघड्या पातेल्यांत मोठ्या आचेवर वीस-वीस मिनिटे रटरटू दिली, तर काल मोजले त्या वेगाने प्रत्येकातून सहाशे ग्रॅम पाणी उडणार. तिन्हींचे मिळून जवळजवळ हजार किलोकॅलरी. हजार आणि चारशे, म्हणजे चौदाशे. तेराशेत बसत नाही. अन्न शिजवायला लागते त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर जाणार होती.

शिट्टीचे वजन

वरण-भात कुकरमध्ये लावला. डाळ तासभर आणि तांदूळ अर्धा तास आधी भिजवून ठेवले होते. दाण्याच्या मध्यापर्यंत पाणी पोहोचण्याचे काम भिजताना फुकटात होते, त्यासाठी गॅस जाळावा लागत नाही.

कुकरची युक्ती तशी सोपी आहे. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. वातावरणाच्या दाबाहून एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब झाला की आतले तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. हा दाब ठरवते ती शिट्टी, म्हणजे नळीच्या तोंडावर ठेवलेले वजन. नळीच्या छिद्राचे क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर असेल, तर ७० ग्रॅमचे वजन बरोबर तेवढा दाब पेलते. त्याहून दाब वाढला की वजन उचलले जाते आणि शिट्टी होते. कुकर गार असताना तुम्ही आपल्या घरच्या शिट्टीचे वजन करा, छिद्राचा व्यास मोजा, आणि गणित करून पाहा.

शिजणे म्हणजे रासायनिक बदल. अशा बदलांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून ९८ वरून १२० वर गेलो की काम चौपट-पाचपट वेगाने होते. पण शिट्ट्यांनी अन्न शिजत नाही! पहिली शिट्टी एवढेच सांगते की दाब पुरा झाला. त्यानंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ, अर्थात फेकलेला गॅस. आम्ही पहिल्या शिट्टीनंतर ज्योत अगदी बारीक केली आणि घड्याळ लावून सात मिनिटांनी बंद केली. तीन शिट्ट्या मोजणाऱ्या आईला हे पटले नाही. "कच्चं राहिलं तर तूच खा," ती म्हणाली.

ही कल्पना जुनी आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे दाबपात्र मांडले. भांडे फुटू नये म्हणून त्याने जी झडप बसवली, तीच आपल्या कुकरच्या सुरक्षा-झडपेची पूर्वज. १६८२ मध्ये त्याने सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवण दिले. त्यात कठीण हाडेसुद्धा मऊ झाली होती, असे जॉन एव्हलिन यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे.

उलट दाब कमी झाला की काय होते, हे डोंगरावर राहणाऱ्यांना विचारा. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांवर उकळते, तर साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला सुमारे ८८ अंशांवर. तेथे उघड्या पातेल्यातील डाळ खळखळ उकळत राहते आणि तरीही दाद देत नाही. गॅस कितीही मोठा केला तरी ८८ चे ८९ व्हायचे नाहीत. तेथे कुकर ही चैन नाही.

उसळ, आमसूल आणि गोधडी

उसळीची फोडणी मी केली. तेल पुरेसे तापले की मोहरी तडतडते, कारण दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटते. तेलाला पाण्यासारखे ९८ चे बंधन नाही, ते सहज दीडशेच्या पुढे जाते. तेव्हा अंतर राखून उभे राहा.

मटकी परतून पाणी घातले आणि मी आमसुले टाकणार, तोच आईने हात वर केला. "आधी शिजू दे, मग आंबट. नाहीतर दाणा दडदडीत राहील." येथे आमच्या भौतिकशास्त्राने बाजूला व्हावे आणि रसायनशास्त्राला जागा द्यावी. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. उष्णतेने तो विरघळू लागतो आणि दाणा मऊ पडतो. आम्लात तो सहजी विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियमही त्याला असेच घट्ट करते. अशा वेळी गॅस तासभर जाळूनही उपयोग होत नाही.

पातेल्यावर ताट झाकले आणि ताटात पाणी ओतले. ही आपल्याकडची जुनी रीत. खालून येणारी वाफ ताटाच्या थंड तळाला लागून तिचे पुन्हा पाणी होते आणि भांड्यात ठिबकते. वाफेने नेलेली अप्रकट उष्णता ताटातल्या पाण्याला मिळते. ते पाणी थोड्या वेळाने कढत झाले, तेच आम्ही भाकरीचे पीठ भिजवायला घेतले. एका थेंबाची उष्णता वाया गेली नाही. हे पाहून आईला माहेरची चूल आठवली. चुलीच्या शेजारी वैल असे. आधण चुलीवर ठेवायचे, उकळी आली की भांडे वैलावर सरकवायचे. चुलीतून निसटणाऱ्या ज्वाळेवर वैल तापत असे, त्याला वेगळे जळण लागत नसे.

दहा मिनिटे मंद उकळू दिल्यावर आम्ही गॅस बंद केला, पातेले वर्तमानपत्राच्या घड्यांवर ठेवले आणि चारी बाजूंनी जुनी गोधडी गुंडाळली. आत तापमापीची सळई होती. सुरुवातीला ९७, आणि चाळीस मिनिटांनंतर ८८ अंश! तेवढा वेळ उसळ गॅसशिवाय शिजत होती. पहिल्या महायुद्धात जळणाची टंचाई झाली तेव्हा युरोपातल्या गृहिणी असेच उकळते भांडे गवत भरलेल्या पेटीत ठेवून देत. आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास 'इकमिक कुकर' तयार केला. त्यात थोड्याशा कोळशावर, डब्यांच्या उतरंडीत, सगळे जेवण वाफेवर सावकाश शिजे. मात्र एक पथ्य पाळा. असे झाकलेले अन्न साठ अंशांच्या खाली तासन्‌तास ठेवू नये, त्यात जिवाणू वाढतात.

उसळ उघडली, दाणा बोटाने दाबला, मऊ होता. मग आमसुले आणि गूळ घालून पाचच मिनिटे पुन्हा गॅस लावला.

येथे मात्र आच मोठी हवी

एवढे वाचून कोणी घरी जाऊन सगळेच बारीक आचेवर करू लागेल, तर भाकरीची वातड चकती होईल. भाकरी पाण्यात शिजत नाही, तव्यावर भाजली जाते. तेथे ९८ ची मर्यादा नाही आणि तवा दोनशेच्या आसपास हवा. तवा तापला की नाही हे आई पाण्याचा थेंब टाकून पाहते. नुसता तापला असेल तर थेंब चर्रकन आटतो. फारच तापला तर मोत्यासारखा गोल होऊन पळत सुटतो. त्याच्याखाली त्याच्याच वाफेची गादी तयार होते आणि तो तव्याला टेकतच नाही. याचा अभ्यास जर्मन वैद्य लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केला. थेंब पळू लागला की आई आच जरा कमी करायला लावते.

ज्वारीत गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो. म्हणून पीठ कढत पाण्याने भिजवायचे; थोडे पिष्ठ शिजून खळीसारखे होते आणि तेच पीठ धरून ठेवते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, त्याने वरचा थरही चिकट होतो आणि चिरत नाही. मग उलटून, शेवटी ज्योतीवर धरली की आतल्या पाण्याची वाफ होते. एका ग्रॅम पाण्याची वाफ जवळजवळ १,७०० घनसेंटिमीटर जागा मागते. थर न चिरलेला असेल तर भाकरी टम्म फुगते. चीर असेल तर वाफ निघून जाते. माझ्या पहिल्या तिन्ही भाकऱ्यांतून ती निघून गेली. चौथी आईने खुर्चीवर बसूनच परातीत थापली, आणि ती अशी फुगली की मुलीने टाळ्या वाजवल्या.

पाने वाढली. भात मोकळा होता, डाळ घोटताच एकजीव झाली. आईने वरणाची चव घेतली आणि शिट्ट्यांचा विषय काढला नाही. बहिणीने दोनदा उसळ मागून घेतली.

जेवणे आटोपल्यावर सिलिंडर पुन्हा काट्याला टांगला. १५.९८ किलो. सगळ्या स्वयंपाकाला १६० ग्रॅम गॅस लागला होता. उरलेल्या ऐंशीवर संध्याकाळचा चहा झाला, रात्री भात गरम केला. सोमवारी सकाळी दूध तापत असताना ज्योत थरथरली आणि विझली. दूध तोवर वर आले होते.